उभ्या गाडीचं तेल जातं कुठं?

"गाडी वर्षभर पडवीत उभी होती. कुणी हात लावलेला नाही, खाली फरशीवर तेलाचा डाग नाही. मग ऑइलची टाकी अर्धी रिकामी कशी?"

जुनी आरएक्स 100 किंवा राजदूत 350 बाळगणाऱ्या माणसाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. आधी घरातल्या पोरांवर संशय जातो. मग कुणीतरी किक मारतं आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा असा लोट निघतो की शेजारीपाजारी खिडक्या लावून घेतात. मालक घाबरून गाडी बंद करतो आणि मेकॅनिककडे ढकलत नेतो. बहुतेक वेळा या धुरात घाबरण्यासारखं फारसं काही नसतं. टाकीतलं तेल इंजिनाच्या पोटात उतरलेलं असतं, ते जळून बाहेर पडत असतं, एवढंच.

दुसरी एखादी गाडी तितकाच काळ उभी असते, दोन किकमध्ये सुरू होते, धुराचं नाव नाही. मालक खूश होऊन तिला हायवेला घेतो आणि सात-आठ किलोमीटरवर मागचं चाक अचानक लॉक होऊन गाडी फरफटत जाते. पिस्टन जाम! या दुसऱ्या गाडीच्या पोटात जिथं तेल हवं होतं तिथं ते नव्हतं. हे प्रकरण दोन्ही गाड्यांबद्दल आहे, पण भीती बाळगायची ती दुसरीची.

1. एका इंजिनात दोन तेलं

आधी टू-स्ट्रोकची मूळ रचना पाहू, कारण पुढच्या सगळ्या भानगडी तिच्यातून निघतात.

हल्लीच्या फोर-स्ट्रोक मोटारसायकलच्या इंजिनात तळाशी लिटरभर तेल साठवलेलं असतं. पंप ते वर फिरवतो, ते पुन्हा खाली येतं आणि तेच तेल हजारो किलोमीटर काम करतं. टू-स्ट्रोकमध्ये असा साठा ठेवायला जागाच नाही. पिस्टनखालचा जो कप्पा आहे, ज्यात क्रँक फिरतो आणि ज्याला क्रँककेस म्हणतात, त्याला इथं वेगळं काम असतं. पिस्टन वर गेला की हा कप्पा कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढतो. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबून बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरमध्ये पाठवतो. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जोसेफ डे यांनी 1890 च्या आसपास ही युक्ती काढली. व्हॉल्व्ह, कॅम, टायमिंगची साखळी असला सगळा पसारा तिने वाचवला. त्यामुळेच टू-स्ट्रोक स्वस्त झाली, हलकी झाली आणि पुढं लुनापासून चेतकपर्यंत घरोघर पोचली.

पण ज्या कप्प्यातून पेट्रोल-हवा सतत वाहते आहे, तिथं तेल साठवणार कसं? म्हणून तेल पेट्रोलबरोबरच आत पाठवायचं ठरलं. ते जाता जाता क्रँकच्या बेअरिंगला, कनेक्टिंग रॉडच्या दोन्ही टोकांना, पिस्टनला आणि सिलिंडरच्या भिंतीला लागतं आणि शेवटी जळून जातं. टू-स्ट्रोकमध्ये तेलाचा प्रत्येक थेंब एकदाच वापरला जातो. हेच आपलं टू-टी ऑइल.

ते आत पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली मिसळण्याची. चेतक, लुना आणि म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातल्या जावा-येझदी या पद्धतीच्या. पंपावर पेट्रोल भरताना मापाने तेल टाकायचं: स्कूटरला साधारण 2 टक्के, म्हणजे लिटरला 20 मिली, आणि जुन्या जावाला त्याच्या दुप्पट. दुसरी पद्धत पंपाची. यामाहाने 1964 मध्ये 'ऑटोल्यूब' नावाने ती बाजारात आणली. तेलाला वेगळी टाकी, तिथून एक नळी छोट्या पंपाकडे आणि पंपाकडून दुसरी नळी कार्बोरेटरच्या किंवा इनटेकच्या तोंडाशी. पंप इंजिनाबरोबर फिरतो आणि त्याला अ‍ॅक्सिलरेटरचीही एक केबल असते, त्यामुळे गाडी जितकी पळेल आणि मूठ जितकी पिळाल तितकं तेल मिळतं. 1983 मध्ये आलेली राजदूत 350 आणि 1985 ची आरएक्स 100 या पंपवाल्या.

दुसरं तेल गिअरचं. गिअरबॉक्स आणि क्लच शेजारच्या बंद कप्प्यात, आपल्या वेगळ्या तेलात बुडालेले असतात. क्रँकचं एक टोक या कप्प्यात येतं, कारण तिथूनच शक्ती क्लचकडे जाते. दुसरं टोक विरुद्ध बाजूला, ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटकडे जातं. दोन्ही टोकांवर रबराचं एकेक ऑइल सील असतं. क्रँककेस बाहेरच्या जगापासून आणि गिअर ऑइलपासून वेगळी राहते ती या दोन सीलांच्या जोरावर.

2. तासाला एक थेंब

आता टाकीतल्या तेलाकडे. पंपाची टाकी इंजिनापेक्षा उंचावर असते, म्हणजे तेल कायम खाली यायला टपलेलं असतं. इंजिन बंद असताना त्याला अडवतो तो एक अगदी छोटा झडपेचा प्रकार: स्प्रिंगने दाबून धरलेली बारीक पोलादी गोळी. पंपाने जोर लावला तरच गोळी मागं सरते आणि तेल जातं. जोर थांबला की भोक बंद.

नव्या गाडीत हे चोख चालतं. पण तीस-पस्तीस वर्षांत स्प्रिंग मऊ पडते, गोळीच्या बैठकीवर चरा उमटतो, नाहीतर तेलातला कचऱ्याचा कण मध्ये अडकतो. मग शंकराच्या पिंडीवरच्या अभिषेकपात्रासारखी गत होते. पात्र नीट बसवलेलं, धार कुठं दिसत नाही, पण थेंब चुकत नाही.

हिशेब करून पाहू. टू-टी तेलाचे 25 थेंब म्हणजे ढोबळमानाने एक मिली धरू. तासाला फक्त एक थेंब झिरपत असेल तर दिवसाला जवळपास 1 मिली, महिन्याला 30 मिली. गाडी रोजच्या वापरात असेल तर हे कळणारही नाही; रात्रभरात झिरपलेलं तेल सकाळी पहिल्या पाच मिनिटांत जळून जातं. पण कोकणातल्या घरी गणपतीत चालवलेली गाडी चाकरमान्याने मुंबईला जाताना खळ्याच्या कडेला लावून ठेवली आणि थेट मे महिन्यात बाहेर काढली, तर आठ महिन्यांत 240 मिली. पाव लिटर तेल क्रँककेसमध्ये! आरएक्सच्या क्रँकची चाकं त्यात चांगलीच बुडतात. बाहेर डाग पडणार कसा? सगळी गळती आतल्या आतच झालेली असते.

मग किक मारली की काय होतं? पिस्टन खाली येतो आणि मिश्रणाऐवजी तेल वर ढकलतो. प्लग भिजतो, ठिणगी पडत नाही. दहा-वीस किका मारल्या तर थोडं तेल सायलेन्सरमध्ये जातं. अखेर गाडी सुरू झाली की ते सगळं, सायलेन्सरच्या पुंगळीत मुरलेलं तेलसुद्धा, जळायला लागतं. धूर पंधरा-वीस मिनिटं चालतो आणि हळूहळू विरळ होतो. विरळ होतोय का, हीच पाहायची गोष्ट. होत असेल तर चालवत राहा.

एक धोका मात्र खरा आहे. किक अर्ध्यावरच दगडासारखी अडली तर जोर लावू नका. आरएक्सचं सिलिंडर 98 सीसीचं. पिस्टन अगदी वर गेला की वर जेमतेम दहा-बारा सीसी जागा उरते असं धरा. त्या जागेत त्याहून जास्त तेल आलं तर ते जाणार कुठं? हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. अशा वेळी शंभर किलोचा उत्साही मित्र किकवर उभा राहिला, तर किकच्या आतले दाते तरी तुटतात नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो. सोपा उपाय आहे: पेट्रोलचा कॉक बंद, चावी बंद, प्लग काढायचा, प्लगच्या भोकावर जुनं फडकं टाकायचं, तोंड बाजूला ठेवायचं आणि किक हाताने सावकाश दाबायची. तेल फडक्यात पिचकारीसारखं येतं. प्लगची टोपी भोकापासून लांब ठेवा. उडालेल्या पेट्रोलच्या वाफेला ठिणगी मिळायला नको.

पोटात जास्तच तेल साचलं असेल तर कार्बोरेटर आणि त्यामागची रीडची पट्टी (मिश्रण उलटं येऊ न देणारी झडप) काढून, मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावून तेल ओढून घ्यायचं. काही मेकॅनिक यावर एकच रामबाण सांगतात: "पंपच काढून टाका, पेट्रोलमध्ये मिक्स करून चालवा." मला हा सल्ला पटत नाही. पंपाच्या बहुतेक तक्रारी नळी, सील आणि गोळीच्या असतात आणि त्या दुरुस्त होतात. शिवाय घाट उतरताना पंपाचा एक फायदा आहे. मिसळलेल्या तेलाच्या गाडीत मूठ सोडून नुसत्या इंजिनाच्या ब्रेकवर आंबा घाट उतरलात तर पेट्रोल बंद आणि त्याच्याबरोबर तेलही बंद, पण पिस्टन मात्र जोरात फिरतोय. म्हणून येझदीवाले उतारावर मधूनमधून मूठ पिळून सोडतात. पंप निदान थोडं तेल देत राहतो.

नळीत मध्ये छोटा कॉक बसवून उभ्या गाडीचं तेल बंद करण्याची युक्तीही ऐकू येते. गळती थांबेल हे खरं. पण एके दिवशी कॉक उघडायचा विसरलात की इंजिनाचा खर्च ठरलेला. त्यापेक्षा धूर परवडला.

3. पेट्रोल उडतं, तेल मागं राहतं

जावा, येझदी, चेतकवाले म्हणतील, आमच्याकडं पंपच नाही, मग आमच्या इंजिनात तेल कसं येतं? येतं, पण दुसऱ्या वाटेनं.

पेट्रोल उडून जाणारं, तेल न उडणारं. कार्बोरेटरच्या वाटीत समजा 40 मिली मिश्रण आहे आणि त्यात 4 टक्के तेल आहे. दोन-तीन महिन्यांत पेट्रोल उडालं की मागं 1.6 मिली तेल उरतं. तेही पेट्रोलमधल्या चिकट्यासकट, मधासारखं घट्ट. एवढंसं तेल काय करणार, असं वाटेल. पण गाडी हळू चालताना पेट्रोल ज्या बारीक जेटमधून येतं त्याचं भोक मिलिमीटरच्या साधारण पाव भागाएवढं असतं. ते बुजायला एक थेंब पुरतो. "चोक दिला तरच चालते, चोक काढला की बंद पडते" ही उभ्या राहिलेल्या गाडीची तक्रार बहुतेकदा इथलीच असते. जेट तारेने खरवडू नये. भोक मोठं होतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरे.

कॉक गळका असेल तर गोष्ट वाढते. वाटीतलं पेट्रोल उडतं, टाकीतून नवं येतं, तेही उडतं. तेल साठत जातं. वाटी भरली की पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई नीट बसत नसेल तर मिश्रण वाहून क्रँककेसमध्ये जातं, तिथंही पेट्रोल उडतं आणि तेल उरतं. टाकीतलं पाच लिटर पेट्रोल "असंच आटलं" म्हणणाऱ्या येझदीवाल्याच्या क्रँककेसमध्ये तेल निघतं ते या हिशेबाने.

"मिक्स केलेलं तेल टाकीत तळाशी बसतं, म्हणून गाडी हलवून घ्यावी" हा समज सर्वदूर आहे. आजच्या टू-टी तेलांबाबत तो बहुतांशी खोटा आहे. ती पेट्रोलमध्ये विरघळतात आणि विरघळलेलीच राहतात. समज आला असावा तो एरंडेलाच्या काळातून. शर्यतीच्या गाड्यांना पूर्वी एरंडेलावर आधारलेलं तेल वापरत. कॅस्ट्रॉल हे नावही त्या एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून आलं. एरंडेल वंगण म्हणून उत्तम, पण पेट्रोलमध्ये, विशेषतः थंडीत, नीट मिसळून राहत नाही आणि उभं राहिलं की त्याचा चिकट थर धरतो. त्या तेलाच्या गाड्या शर्यतीनंतर खोलून धुवाव्या लागत.

आज तळाशी बसतं ते तेल नाही, पाणी. आणि हा मुद्दा जुन्या गाडीवाल्यांनी नीट समजून घ्यावा असा आहे. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. 10 टक्क्यांचा टप्पा देशाने 2022 मध्ये गाठला आणि 2023 पासून 20 टक्क्यांचं ई20 पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल पाण्याला धरून ठेवतं. थोडं पाणी असेल तोवर ते पेट्रोलमध्ये मिसळून जळून जातं. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी दोघं पेट्रोलपासून फुटून तळाशी वेगळा थर करतात. 10 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ही मर्यादा साधारण अर्धा टक्का, म्हणजे दहा लिटरला 50 मिली पाणी. ई20 मध्ये ती आणखी वर. दमट हवेतून इतकं पाणी यायला खूप वेळ लागतो. झाकणाचं रबर गेलेल्या, पावसात उघड्यावर उभ्या गाडीत मात्र ते सहज जातं.

टू-टी तेल कुठं राहतं? वरच्या पेट्रोलच्या थरात. कॉक पेट्रोल घेतो कुठून? टाकीच्या तळाजवळून, आणि रिझर्व्हला केला असेल तर अगदी तळातून. म्हणजे मिक्सवाल्या गाडीच्या इंजिनाला पहिला घोट मिळतो तो तेल जवळपास नसलेला. गाडी सुरू झालीच तर अडखळत चालेल, पण धूर येणार नाही. म्हणून सहा महिने उभ्या गाडीचं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून उजेडात धरावं. दोन थर दिसले, किंवा पेट्रोल गढूळ दिसलं, तर ते गाडीत परत ओतू नये.

4. रबराची पातळ कड

आता त्या दोन सीलांकडे वळू. सील म्हणजे रबराची एक पातळ कड, क्रँकच्या दांड्याला स्प्रिंगने घट्ट टेकलेली. गाडी चालत असली की कडेवर तेलाचा पातळ थर राहतो आणि रबर मऊ राहतं. गाडी वर्ष-दोन वर्षं उभी राहिली की कड कोरडी पडते, कडक होते, कधी दांड्याला चिकटते. दांड्यावर त्याच जागी गंजाची बारीक रेघ उमटते. पहिल्या किकला ती रेघ कानशीसारखी कडेवर फिरते आणि कड फाटते.

कुठलं सील गेलं यावर लक्षणं अगदी वेगळी. क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळायला लागतं. धूर पांढरा, दाट, आणि अर्ध्या तासाने, तासाने, आठवड्यानेही तसाच. वास टू-टीच्या नेहमीच्या गोडसर वासासारखा नसतो, करपट असतो. खात्री करायची सोपी रीत अशी: गिअर ऑइल मोजून भरा आणि चार-पाचशे किलोमीटरनंतर मोजून काढा. समजा 600 मिली भरलं, 450 निघालं, आणि खाली गळती नाही. मग 150 मिली गेलं सायलेन्सरमधून. उलट कधी भरल्यापेक्षा जास्त निघतं. तेव्हा पंपाच्या दांड्यावरच्या सीलातून टू-टी तेल गिअरच्या कप्प्यात उतरतंय का, ते पाहावं.

मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर धूर अजिबात येत नाही. तिकडं तेल नाही, बाहेरची हवा आहे. इंजिन ती हवा ओढतं, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि पेट्रोलबरोबर तेलही कमी पडतं. इंजिन तापतं. लक्षण एकच आणि नेमकं: गाडी गरम झाल्यावर रेस आपोआप चढते आणि मूठ सोडली तरी खाली यायला वेळ घेते. मालकाला वाटतं केबल अडकली. काही मालकांना तर वाटतं, वा, गाडी आता हलकी झाली! दोन दिवसांत पिस्टन जाम होतो, ब्लॉक बोअर करावा लागतो, आणि सील तेच ठेवलं तर नवा पिस्टनही जातो. मॅग्नेट काढून आतलं सील बदलायचा खर्च नव्या पिस्टनच्या पासंगालाही पुरत नाही.

5. जिथं तेल उरलंच नाही

सुरुवातीच्या त्या दुसऱ्या गाडीकडे आता येता येईल. तिच्यात तेल कमी पडायच्या वाटा चार. दोन वर आल्या: टाकीच्या तळाशी फुटून बसलेलं पाणी आणि मॅग्नेटच्या बाजूचं सील. उरल्या दोन.

एक वाट हवेच्या बुडबुड्याची. टाकीपासून पंपापर्यंतची नळी पारदर्शक प्लास्टिकची असते. काही वर्षांत ती पिवळी, टणक होते आणि टोकाशी चिरते; तिथून हवा आत शिरते. किंवा टाकी झिरपत झिरपत पूर्ण रिकामी झालेली असते आणि मालक नवं तेल भरून किक मारतो. नळीत अडकलेली हवा तशीच राहते. पंप इमानदारीने फिरतो आणि तेलाऐवजी हवा पाठवतो. टाकी भरलेली, पंप चांगला, आणि पिस्टन कोरडा. पंपावर एक छोटा स्क्रू याच कामासाठी दिलेला असतो. तो सैल करायचा, खाली फडकं धरायचं आणि बुडबुड्याशिवाय सलग तेल येईपर्यंत थांबायचं, मग घट्ट करायचा. पाच मिनिटांचं काम आहे. पंपापासून पुढच्या नळीतली हवा मात्र इंजिन चालल्यावरच जाते. म्हणून पहिल्या दोन लिटर पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली तेल मिसळून ठेवायचं, पंप असला तरी. तेल दुप्पट जाईल, धूर होईल; होऊ दे.

दुसरी वाट गंजाची. चालत्या टू-स्ट्रोकच्या बेअरिंगवर तेलाचा थर असतो तो पातळसा. गाडी उभी राहिली की तो खाली ओघळतो. सायलेन्सर आणि कार्बोरेटरच्या वाटेने पावसाळी हवा आत शिरते, रात्री थंड लोखंडावर दव धरतं. बेअरिंगचा रोलर जिथं टेकून बसलेला असतो तिथंच गंजाचा ठिपका उठतो. एका ठिपक्याने गाडी बंद पडत नाही. ती आवाज करते. वेगाबरोबर वाढणारी एक घुर्र. मेकॅनिक स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरतो ती याच आवाजासाठी. ती घुर्र ऐकू आली की फुल इंजिन काम निघालं, त्यात घासाघीस करू नये. गंमत अशी की पंपातून तेल झिरपून बुडालेल्या क्रँकचं बेअरिंग या बाबतीत नशीबवान ठरतं. धुरामुळे शिव्या खाल्लेल्या कितीतरी आरएक्सचे क्रँक आतून चकचकीत निघतात.

6. "मी महिन्यातून एकदा सुरू करतो"

हे वाक्य अभिमानाने सांगितलं जातं. दर रविवारी किंवा महिन्याने किक मारायची, दोन मिनिटं रेस द्यायची, बंद करायची. यात गाडीचं भलं कमी आणि वाईट जास्त. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन आणि सायलेन्सर पुरेसे तापले तर ही वाफ बाहेर जाते. दोन मिनिटांत काही तापत नाही. वाफ थंड सायलेन्सरमध्ये आणि सिलिंडरमध्ये पाणी होऊन बसते, अर्धवट जळलेल्या तेलाचा त्यावर लेप बसतो. गाडी वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर नेणार असाल तरच सुरू करा. नाहीतर तिला शांतपणे उभी राहू द्या, पण नीट तयारी करून.

तयारी फार नाही. शेवटच्या फेरीनंतर इंजिन गरम असताना कॉक बंद करून वाटीचा स्क्रू उघडून पेट्रोल काढून टाकायचं. प्लग काढून भोकातून चमचाभर टू-टी तेल आत सोडायचं आणि किक दोन-चारदा सावकाश दाबायची, म्हणजे ते सगळीकडे पसरतं. प्लग लावून किक इतकीच दाबायची की हाताला कॉम्प्रेशन लागेल; पिस्टन वर असला की सायलेन्सरकडची वाट बंद होते. सायलेन्सरच्या तोंडात तेलाचं फडकं कोंबायचं आणि त्याची चिठ्ठी हँडलला बांधायची, कारण सहा महिन्यांनी ते कुणाच्या लक्षात राहत नाही. पंपवाल्या गाडीची तेलाची टाकी खुणेपर्यंत भरून ठेवायची. खूण असली की किती झिरपलं ते परतल्यावर लगेच कळतं. शक्य असेल तर गाडी डबल स्टँडवर लावा.

7. पहिले शंभर किलोमीटर

गाडी परत काढताना क्रम असा: पेट्रोल बरणीत पाहणे, तेलाची पातळी पाहणे, नळी हाताने दाबून चिरली आहे का ते पाहणे, पंपातली हवा काढणे, प्लग काढून सावकाश किक, मग नवा प्लग आणि नवं पेट्रोल. सुरू झाल्यावर धूर येणारच. पहिले दहा किलोमीटर मूठ अर्ध्याच्या पुढं नेऊ नका आणि डावा हात क्लचवर तयार ठेवा. इंजिन आवळल्यासारखं वाटलं, कारण नसताना वेग पडायला लागला, की त्याच क्षणी क्लच दाबायचा आणि कडेला थांबायचं. पिस्टन पूर्ण धरायच्या आधी एक-दोन सेकंद मिळतात, तेवढे पुरतात.

त्यानंतरची तपासणी मोजून करायची आहे. गाडी लिटरला 40 किलोमीटर देते आणि पंप सरासरी 2 टक्के तेल देतो असं धरलं, तर 100 किलोमीटरला अडीच लिटर पेट्रोल आणि 50 मिली तेल लागायला हवं. तेलाची टाकी खुणेपर्यंत भरून निघा आणि परत आल्यावर मापाच्या बाटलीने पुन्हा खुणेपर्यंत भरा. 40 ते 60 मिली गेलं तर पंप ठीक. 100 च्या वर गेलं तर केबलची सेटिंग किंवा ती गोळी पाहायला हवी, पण गाडी वापरता येईल. आणि दहा-पंधरा मिलीच गेलं असेल, तर धूर कितीही कमी असो, गाडी पुढं चालवायची नाही. टाकीत तेल मिसळलेलं पेट्रोल घालूनच गॅरेजपर्यंत न्यायची.